शेंदूर कोणी लावायचा

भगवंत गवंडी भर दुपारी पडला. दोन पुरुष उंचीवरच्या परांचीची फळी एका बाजूनं खचली, तो विटांच्या ढिगावर आदळला आणि त्याची मांडी मोडली. चौघांनी उचलून गाडीत घातला, गाडी घराकडे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावतीच्या त्या बांधकामावर ज्याच्यात्याच्या तोंडी एकच बोलणं होतं, जागा बळी मागते.

जागा मागते म्हणे! माणूस ज्या दोराच्या भरवशावर उभा होता तो दोर धड होता की कुजका, हे एकानंही पाहिलं नाही. जागेवर ढकललं की मुकादम सुटला, सेठ सुटला, आणि पडलेला माणूस आपल्याच नशिबाला बोल लावत खाटेवर पडून राहिला.

तिकडे अमेरिकेत लढाई चालली होती, तिथला कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि इकडे वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या मोलानं जात होता. सेठला पावसाळ्याच्या आत पक्क्या विटांची वखार उभी पाहिजे होती. म्हणून भिंत रोज चढत होती, आणि भिंतीबरोबर बल्ल्या-बांबूंची परांचीही.

मनकर्णा चुन्याची टोपली वाहायची. तिचा नवरा नत्थुजी गवंडी. भगवंताचा थर अर्धा राहिला होता, तो आज नत्थुजीनं पुरा करायचा होता, तीच फळी पुन्हा बसवून तिच्यावर उभं राहून.

ती परांचीपाशी गेली आणि खालच्या बांधणीत नख खुपसून पाहिलं. दोराचा भुसा हातात आला. तिचा बाप वलगावचा, वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अंबाडी लावणारा आणि घरी तिच्या वाखाचे दोर वळणारा. ताज्या अंबाडीचा दोर कसा लागतो, हे तिच्या बोटांना लहानपणापासून ठाऊक होतं.

"आयकलं काय," ती नत्थुजीला म्हणाली, "हे नवे दोर नोहोत. कापसाच्या गठ्ठ्यांचे सोडलेले तुकडे जोडले हायेत. तुमी भिंतीवर रोज पानी मारता, थे यायच्यावर येते. ओले असले का आवळतेत, ऊन लागलं का ढिले पडतेत. आतून कुजले बी."

"मले काय दिसत नाई?" नत्थुजी हळूच बोलला. "पन तोंड उघडलं का मुकादम म्हनन, अकोल्याहून दुसरा गवंडी आनतो."

तेवढ्यात मुकादम खुशालराव आलाच. एका हातात पाय बांधलेला तांबडा कोंबडा, दुसऱ्या हातात शेंदराची वाटी. बाभळीखालच्या म्हसोबाच्या दगडापुढं त्यानं कोंबडा दिला, नारळ फोडला, आणि वाटी नत्थुजीपुढं धरली.

"घे. वर जाता जाता फळीले शेंदूर लाव. झालं देवाचं. ऊन व्हाच्या आंदी एक थर उचला."

मनकर्णानं टोपली खाली ठेवली.

"मुकादम, कोंबडा कोनाचा?"

"माहा. काहून?"

"मंग शेंदूर बी तुमच्याच हातानं पायजे. जो कोंबडा देते, थोच पडल्या जागी शेंदूर लावते. ह्या रीतीत खोट झाली त म्हसोबाले पोचते काय?"

रीत खरीच तशी होती आणि ती सगळ्यांना माहीत होती. म्हातारी गोदाबाई विटा रचता रचता म्हणाली, "बरोबर बोलली पोरगी. आमच्या तेल्हाऱ्याले विहिरीत मानूस पडला, तवा पाटील सोता उतरला होता शेंदूर लावाले. जाडा असा, का वर काढता काढता आठ मानसं घामाघूम!"

माणसं हसली. खुशालराव हसला नाही.

"माहे गुडघे दुखून राहिले."

"जा हळूहळू," गोदाबाई म्हणाली. "म्हसोबाले कायची घाई?"

आता मागं सरणं त्याला जमेना. तो शिडीनं पहिल्या फळीपर्यंत चढला. दुसऱ्या फळीवर जायला त्यानं बांधणीच्या दोराला हात घातला. दोर करकरला, भुसा त्याच्या पागोट्यावर पडला, फळी बोटभर सरकली. खुशालराव तिथंच थिजला. दोन महिने तो हे दोर रोज पाहत होता, पण त्यावर स्वतःचा देह कधी टांगला नव्हता.

तो उतरला. वाटीतला शेंदूर तसाच होता.

"दोर बदला लागन," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. मग एकदम चिडून, "पन आनू कुठून? ज्यानं त्यानं धुऱ्यापर्यंत कापूस पेरला. अंबाडी लावली कोनं?"

"माह्या बापानं लावली. वाख काढून माळ्यावर ठेवला हाय. वलगावले गाडी धाडा, दोर आमी बाया वळतो." मनकर्णाचा आवाज चढला नाही. "तवरक कोनी चढनार नाई."

"हे तू कोन सांगनार वं?"

नत्थुजीनं थापी बाजूला ठेवली आणि विटांवर बसला. त्याच्या शेजारी दुसरा बसला, मग तिसरा. खुशालरावानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि गाडीवाल्याला हाक मारली.

संध्याकाळपर्यंत अंबाडी आली. पुढचे दोन दिवस बायांनी दोर वळले, गड्यांनी परांची खालपासून सोडून पुन्हा बांधली. जुने दोर ढिगानं पडले होते. त्यात बैल बांधायच्या कामाचाही एक निघाला नाही.

तिसऱ्या दिवशी खुशालराव म्हणाला, "आतं त चढसान?"

नत्थुजीनं बायकोकडे पाहिलं. मनकर्णानं पदर खोचला, बांधणीच्या दोराला दोन्ही हातांनी धरून पाय उचलले आणि सगळा भार टाकून लोंबकळली. दोर हलला नाही. मग पुढचा खांब, मग त्याच्या पुढचा. मुकादम चुळबुळत होता, पण तिनं एकही बांधणी सोडली नाही.

"चढा," ती म्हणाली.

नत्थुजी चढला. फळीवर दोनदा पाय आपटून पाहिला, ओळंबा सोडला आणि वरून ओरडला, "चुना!"

मनकर्णा टोपलीला वाकली. दोर वळून तिच्या हाताची सालटी निघाली होती. गोदाबाईनं तिच्या हातातून टोपली ओढून घेतली आणि शिडीकडे निघाली.