दीड इंच माया

मास्तरांनी जन्मभर लोकांचे कपडे शिवले आणि त्यांच्या धाकट्या भावानं जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली. आता दोघांचीही दुकानं बंद, दोघंही एकाच घरात, एकाच टेबलाच्या दोन टोकांना. धाकट्याला केसाएवढाही फरक खपायचा नाही, म्हणून गल्लीनं त्याचं नाव चिमट्या ठेवलेलं. मास्तर मात्र मास्तरच. शिंपी म्हटला की मास्तर, त्याला काय इलाज?

एके दिवशी चिमट्यानं टेबलावर नकाशा पसरला.

"दादा, तीन डोलकाठ्यांचं गलबत करायचंय. मुलीच्या घरी शोकेसमध्ये ठेवायला. खण दोन फुटांचा आहे. सांगाडा मी करतो. काठ्या, शिडं, दोऱ्या तुझ्याकडे. गलबत झालं की मी जातो तिच्याकडे."

"बरं," मास्तर म्हणाले. बायको जाऊन सात वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आणि आता हाही निघाला. पण सख्ख्या भावाला 'जाऊ नको' म्हणायचं कोणत्या तोंडानं? ह्या घरात दोन पुरुषमाणसं चाळीस वर्षं 'चहा झाला का' आणि 'दिवा घालव' एवढ्यावरच बोलत आलेली.

महिन्याभरात चिमट्यानं सांगाडा उभा केला. हातभर लांबीचा, आणि असा नेटका की कुठल्याही फटीत नख शिरणार नाही. मग मास्तर कामाला लागले. एकेक डोलकाठी तीन तुकड्यांची, खालचा जाड, वरचे बारीक होत गेलेले. पॉलिश पेपरनं घासून घासून त्यांनी त्या निमुळत्या केल्या, दोऱ्याला मेण लावलं, बोटाच्या पेराएवढ्या शिडांना टीप मारली. कारागिरीला नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त कापताना हाताची जुनी सवय आडवी आली आणि त्यांनी प्रत्येक तुकड्याला दीड इंच माया सोडली.

माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. गिऱ्हाईक सुटलं तर उसवून कपडा सैल करता येतो. पण काठी काय जेवून सुटणार आहे? एवढा साधा विचार मास्तरांच्या डोक्यात आला नाही बघा. तीन तुकडे एकावर एक चढवले तर काठी साडेचार इंच जास्त, शिडं ढगळ, दोऱ्या लोंबतायत. गलबत टेबलावर उभं केलं आणि ते सरळ कुशीवर निजलं.

"काप," चिमट्या म्हणाला.

"कापलेलं परत वाढतं का? असू दे. वाढत्या अंगाचं आहे म्हणायचं."

"गलबत? वाढत्या अंगाचं?"

दुसऱ्या कुणी करवत उचलून विषय संपवला असता. पण चिमट्या पडला प्रमाणाचा भक्त. काटा लांब असेल तर तबकडी मोठी करावी, चांगला काटा मोडू नये, हा त्याचा धर्म. खणही मोठा करून घेता येईल म्हणत त्यानं काठीच्या उंचीवरून हिशेब मांडला आणि तिला शोभेल असा नवा सांगाडा करायला घेतला. जाणं दोन महिने लांबलं. मास्तरांनी त्या दिवशी चहात साखर दुप्पट घातली.

दुसऱ्या सांगाड्यावर जुन्या काठ्या हडकुळ्या दिसतात म्हणून मास्तरांनी नव्या करायला घेतल्या. मापं गळ्यातल्या टेपनं घेतली, छाती, कंबर, घेर, सगळी. आणि ह्या वेळी तीन इंच माया सोडली. ही सवय नव्हती, चक्क लबाडी होती, आणि मास्तरांना ते पुरतं ठाऊक होतं. गलबत पुन्हा आडवं झालं. चिमट्यानं पुन्हा नवा सांगाडा घेतला. तिसऱ्याच्या वेळी टेबल शेजाऱ्यांकडे गेलं.

मध्येच फोन आला. चिमट्याला नात झाली.

"बाबा, कधी येताय?"

"गलबत होऊ दे, निघालोच. अर्धवट वस्तू घेऊन मी कुणाच्या दारात उभा राहिलेलो नाही."

दोघे भाऊ गळ्यात पडून रडले. मास्तरांचा आनंद खरा होता, उगाच खोटं कशाला बोला. पण डोळे पुसता पुसता त्यांच्या मनात आलं, आता नात आली, म्हणजे हा गेला की गेलाच. त्या दिवशी एकेका तुकड्याला फूटभर माया सुटली.

चौथ्या सांगाड्यानं पलंग घालवले. भाऊ गलबतातच झोपायला लागले, एक पुढच्या टोकाला, एक मागच्या. त्याच्याही काठ्यांना मास्तरांनी दीड दीड फूट माया राखली होती, त्यामुळे मधली डोलकाठी छताला जाऊन टेकली. चिमट्या जिना चढून वर राहणाऱ्या नर्सबाईंकडे परवानगी मागायला गेला.

"भोक पाडा," त्या जांभई देत म्हणाल्या, "पण गोल पाडा. वेडंवाकडं मला आवडत नाही."

तेव्हापासून नर्सबाईंचे गणवेश सगळ्यात वरच्या आडव्या काठीवर वाळायला लागले. त्यांची तक्रार एकच, की खाली कुणी दोरी ओढली की मोजे खिडकीबाहेर जातात.

मग इमारतीचे सेक्रेटरी नोटीस घेऊन आले. "हे सामान आहे का बांधकाम? फॉर्मवर काय लिहू?"

"एवढी दोरी जरा धरता का?" मास्तर म्हणाले.

धरली बिचाऱ्यांनी. सोडली असती तर मागची काठी त्यांच्याच टाळक्यात बसली असती. दुपारपर्यंत उभे होते, चहा तिथंच पाजला. जाताना नोटीस गलबतात विसरले, पण पुढचं शीड ताणायला हवं एवढं बजावून गेले. माणसाला अक्कल शिकवायला मिळाली की तो कायदा विसरतो.

त्याच आठवड्यात चिमट्यानं डोळ्याला भिंग लावलं आणि चारही वेळचे तुकडे नकाशाशेजारी ठेवून मोजले. मग मास्तरांसमोर येऊन बसला.

"दादा, आधी दीड इंच. मग तीन. मग बारा. आता अठरा."

"सवय रे. हाताची सवय."

"घड्याळ रोज पाच मिनिटं मागं पडत असेल तर तो दोष. रोज वाढत्या मापानं मागं पडायला लागलं की समजायचं, कुणीतरी हात लावतंय."

मास्तर गळ्यातली टेप काढून गुंडाळायला लागले. मग एकदम फुटले. "लावतोय मी हात! जाऊ नकोस. तू गेलास की ह्या घरात मी कुणाला विचारू चहा झाला का म्हणून? भिंतीला? इतकी वर्षं काढली एकत्र आणि कायमचा निघालास, तेही असं गार आवाजात!"

"कायमचा? कोण म्हणालं कायमचा?"

"तूच! 'मी जातो' म्हणालास. घरातून निघताना माणूस 'येतो' म्हणतो. कोपऱ्यावर काडेपेटी आणायला जाणारासुद्धा 'येतो' म्हणतो!"

"जाणार होतो म्हणून 'जातो' म्हणालो," चिमट्या म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं. "येताना 'येतो' म्हणणार होतो. दोनच महिन्यांसाठी, दादा. लेकीचं बाळंतपण होईपर्यंत. तिच्या त्या खुराड्यात मला जन्मभर कोण ठेवून घेणार?"

मास्तरांच्या हातातली टेप गळून पडली.

चिमट्यानं फोन उघडून त्यांच्यापुढे धरला. चादरीवर एक गुबगुबीत पोर पालथी पडून मान वर करत होती. "पाच महिन्यांची झाली. मी अजून तिला हातात घेतलेलं नाही."

तो चिडला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर परवडलं असतं. मास्तरांना त्या चित्राकडे बघवेना आणि नजरही काढवेना. किती इंच, किती फूट, सगळं त्या पोरीच्या अंगावरून कापून घेतलं होतं त्यांनी. लाज वाटली. बायको गेली तेव्हा रडले नव्हते एवढे रडले. चिमट्या शेजारी बसून राहिला.

"हे धूड काही दारातून निघायचं नाही," शेवटी मास्तर नाक पुसत म्हणाले. "राहू दे इथंच. नर्सबाईंचे कपडे तरी वाळतील. तुला रिकाम्या हातानं जायचं नाही ना? मग मला घेऊन चल."

चिमट्यानं दाराकडे पाहिलं, मग भावाकडे, खालपासून वरपर्यंत.

"मावशील," तो म्हणाला. "सकाळची गाडी आहे. पण आजोबांना इतका उशीर का झाला म्हणून पोरीनं विचारलं, तर काय सांगायचं?"

"तिला अजून बोलता कुठं येतंय?" मास्तर म्हणाले. "येईल तेव्हा मीच सांगेन."