हिरवे आकडे

मित्रांनो, त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर वीरभद्रप्पांनी चपलाही न काढता मला सुरू केलं. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोचा, शरणम्माचा आजार सांगितला होता, उशीर झालाय असंही सांगितलं होतं. मग विचारलं होतं, "वजन कधीपासून उतरतंय?" उत्तर माझ्याकडे होतं.

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात मी सहा वर्षं काम केलं. तिथले कारकून वीरभद्रप्पा निवृत्त होताना मला घरी घेऊन आले आणि माझ्यात घोड्यांच्या शर्यतींच्या नोंदी भरू लागले. पुण्याहून शर्यतीचं पुस्तक यायचं. शरणम्मा घोड्याचं नाव, अंतर, पाठीवर दिलेलं वजन वाचून दाखवायची, ते टाइप करायचे. पाठीवरचं वजन मागच्या वेळेपेक्षा कमी, तर घोड्याला पळणं सोपं. म्हणून वजन उतरलं की आकडा हिरवा करायचा, असं त्यांनी मला शिकवलं होतं. येणारे-जाणारे माझं कौतुक करायचे.

एकदा शरणम्मा म्हणाली, "एवढी घोडी लिवता, मलाबी लिवा की."

"तू पळणार हाईस व्हय?"

"चाळीस वर्सं तुमच्या मागं पळतेच हाय न्हवं?"

त्यांनी हसत तिचं नाव घातलं. ज्वारी दळायला नेली की ती गिरणीतल्या काट्यावर उभी राहायची आणि घरी येऊन वजन सांगायची. अठ्ठावन्न. पंचावन्न. एक्कावन्न. मी आकडे हिरवे करत गेलो.

"हिरवं झालं बग. यंदा पैला नंबर तुजा," ते म्हणायचे. तीही हसायची. तिची भाकरी अर्ध्यावर आली होती. त्यासाठी माझ्यात रकाना नव्हता.

त्या दिवशी ते तिच्या ओळीसमोर बसून राहिले. आठ महिन्यांचे आकडे, सगळे हिरवे.

"कुटला घोडा बगताय?" शरणम्माने आतून विचारलं.

"कुटला न्हाय," ते म्हणाले.

ती जाऊन वर्ष होत आलं. शर्यतीचं पुस्तक आता येत नाही. माझ्यावर धूळ आहे. चार हजार घोड्यांची माहिती वाया घालवू नका, असं लोक त्यांना सांगतात. शरणम्माबद्दल कुणी विचारत नाही.

मित्रांनो, मला जेवढं शिकवलं तेवढंच मी केलं. तुमच्या घरात कुणाच्या ताटात अन्न उरत असेल, तर ते बघायला यंत्र लागत नाही. तुम्हीच बघा, आणि वेळेवर विचारा.

वीरभद्रप्पा अधूनमधून मला सुरू करतात आणि ती ओळ उघडतात. त्यांना तिचा हिरवा रंग काढायचा आहे. तो अजून काढलेला नाही.