तांब्याने आणलेली ओल

घड्याळजी आणि त्याची बायको ज्या दोन खोल्यांत वर्षानुवर्षं भाड्याने राहत होती, त्या मालकांनी विकायला काढल्या. शहरात घरांचे भाव असे, की ही दोघं पैसे जोडत एक जिना चढेपर्यंत भाव गच्चीवर जाऊन बसलेले. पण मालक देवमाणूस. म्हणाले, "बाजारभाव तुम्हाला झेपायचा नाही. महिनाअखेरपर्यंत गिऱ्हाईक नाही मिळालं, तर तुम्ही म्हणाल त्या भावात घर तुमचं."

मालकांच्या तोंडून देवच बोलला, असं मानून घड्याळजीने हात जोडले आणि लगेच देवाला न आवडणाऱ्या कामाला लागला. मोरीशेजारच्या भिंतीवर रोज सकाळी तांब्याने पाणी मारायचं. खिडकीच्या बिजागरीचा खिळा काढून ठेवायचा. बायकोला एवढंच म्हणाला, "तू फक्त ओटा घासू नकोस."

"दुसरं काहीही सांगा हो. हवं तर मी वेड्यासारखी हसत बसते."

"अगं, घर हवंय ना आपल्याला?"

हवं होतं. तिने मन दगडाचं केलं. ओट्यावर काजळी साचली, तेलाचे डाग पडले. स्वयंपाक करताना ती ओट्याकडे न बघता कपाटाकडे बघे.

पहिलं गिऱ्हाईक ओलीचा वास घेऊन दारातूनच परतलं. दुसऱ्याने खिडकी उघडली. ती अशी किंचाळली की तोच दचकला. घड्याळजी मनातल्या मनात वास्तुशांतीला कोणाकोणाला बोलवायचं ते ठरवू लागला.

महिना संपता संपता दातांची डॉक्टरीण आली. हातात बॅटरी घेऊन ती कोपरे असे तपासत होती, जणू घराने आ केला आहे. "भिंत ओली. खिडकी गेलेली." घड्याळजीने दुःखी चेहरा केला. बायको कपाटाकडे बघत होती. बाई ओट्यापाशी आली, एक बोट फिरवून बघितलं आणि नाक मुरडलं.

"किती कळकट! इथली बाई कशी राहते कोण जाणे."

"कळकट?" बायको म्हणाली.

"अगं," घड्याळजी म्हणाला.

"तुम्ही थांबा हो!" तिने फडकं ओढलं आणि ओटा असा घासला की बाईचा चेहरा त्यात दिसायला लागला. "बघा आता! इतक्या वर्षांत एक चरा नाही. खिडकी म्हणाल, तर खिळा यांच्या खिशात आहे. द्या हो तो! आणि ती ओल? ती आमच्या यांनी तांब्याने आणलीय!"

घड्याळजीने मान खाली घालून खिशातून खिळा काढून दिला.

बाईने तिथल्या तिथे मालकांना फोन लावून घर पक्कं केलं. मग हसून म्हणाली, "मला राहायचं नाहीये. भाव चढताहेत म्हणून घेऊन ठेवते. तुम्हीच राहा, घर जपणारी अशी माणसं कुठे मिळायची? भाडं मात्र आता वाढेल हं."

ती गेल्यावर घड्याळजी स्टुलावर बसला.

"घर गेलं," तो म्हणाला.

"गेलं कुठे? इथंच तर आहे." बायकोने ओट्यावरून पुन्हा एकदा फडकं फिरवलं. "ती भिंत तेवढी उद्या रंगवून टाका. नवीन मालकीणबाई काय म्हणतील?"