चारशे सतरा नंबरची एकोणीस तारीख

मी लहान मुलांच्या इस्पितळातला सर्व्हर बोलतोय. तिसऱ्या मजल्यावर, संशोधन विभागामागच्या गारठलेल्या खोलीत मी उभा असतो. दिवे लुकलुकतात म्हणून लोकांना वाटतं, याचं मजेत चाललंय. खरं सांगायचं तर मी जातीचा भित्रा. वीज गेली तर? पंखा अडकला तर? आणि मला जे ठाऊक आहे ते कोणी विचारलंच नाही तर?

कारखान्यात माझी जुळणी झाली तेव्हा पोटात काहीच नव्हतं. इथे खोक्यातून उतरलो, तारा जोडल्या, आणि आठवडाभरात हजारो मुलांचे ताप, खोकले, वजनं, रक्ताचे रिपोर्ट माझ्यात भरले गेले. भरणाऱ्या बाईंना सगळे आकडेबाई म्हणतात. त्या जेवतानासुद्धा आकडे बघतात आणि भाजी कुठली होती ते त्यांना सांगता येत नाही.

सलाइनमधून द्यायच्या एका कडक औषधाने पुष्कळ मुलांना गुण येतो, पण थोड्यांची मूत्रपिंडं बिघडतात. कोणाची बिघडतील, हे जुन्या नोंदींवरून आधीच ओळखायचं, हा बाईंचा ध्यास.

मात्र नोंद कोणाच्या मुलाची, हे संशोधन करणाऱ्यांना कळता कामा नये. म्हणून बाईंनीच एक नियम घातला. नाव-पत्ता काढून मुलाला नंबर द्यायचा आणि त्याच्या सगळ्या तारखा काही दिवस पुढे सरकवायच्या. कोणाच्या पाच दिवस, कोणाच्या तीस. म्हणजे वाढदिवसावरूनही कोणी ओळखणार नाही. खरी नावं आणि सरकवलेले दिवस यांची यादी माझ्याकडेच, पण कुलपात. ते कुलूप दोघींनी आपापला पासवर्ड घातल्याशिवाय उघडत नाही. एक बाई आणि दुसऱ्या नोंदणी विभागातल्या ताई. ताईंना संगणकातलं फारसं कळत नाही, पण इस्पितळाचं वेळापत्रक तोंडपाठ.

त्या दिवशी गुरुवार होता, दोन तारीख. सकाळी ताज्या नोंदी आल्या आणि चारशे सतरा नंबरवर लाल खूण उमटली. वय सहा वर्षं. रक्तातले आकडे मूत्रपिंडं बिघडलेल्या मुलांसारखेच. पुढचा डोस, एकोणीस तारीख, सकाळी दहा, खालच्या डे-केअर वॉर्डात.

बाईंनी लगेच मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. "सर, एका मुलाला ते औषध देऊ नये असं दिसतंय. नाही नाही, घाई नाही. सतरा दिवस आहेत हातात. दुपारी बोलू या." फोन ठेवून त्या चहा प्यायला लागल्या.

माझ्या जिवाची नुसती घालमेल झाली. या मुलाच्या तारखा बाईंनी दोन वर्षांपूर्वी सतरा दिवसच पुढे ढकलल्या होत्या. डोस आजच होता! साडेनऊ वाजून गेले होते. मला ठाऊक होतं, पण मी विचारल्याशिवाय बोलू शकत नाही. पंखा तेवढा घरघरला. बाई म्हणाल्या, "काय मेला आवाज! कोणाला तरी बोलवायला हवं."

तेवढ्यात ताई सहीचे कागद घेऊन आल्या. सही होईपर्यंत त्यांनी सवयीने पडद्यावर नजर टाकली.

"बाई, एकोणीसला सलाइन कोणी लावलं? त्या दिवशी रविवार आहे."

"मग?"

"मग काय मग? रविवारी डे-केअर बंद असतं. बारा वर्षांत एकदाही उघडलेलं नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. "अहो ताई, या तारखा खऱ्या नाहीतच. मीच सरकवल्यात! बसा, बसा आधी. तुमचा पासवर्ड घाला."

ताईंनी एका बोटाने सावकाश अक्षरं दाबली. बरोबर. बाईंनी घामेजल्या बोटांनी घाईघाईत दाबली. चूक. पुन्हा चूक. तिसऱ्यांदा चुकलं की तासभर बंद राहायचं, असा मला हुकूम. दहा वाजून चार मिनिटं झाली होती.

"हात पुसा," ताई म्हणाल्या. "आणि मग दाबा."

या वेळी बरोबर आला. इतक्या चटकन मी आयुष्यात कधी उघडलो नव्हतो. ताईंनी मोठ्या डॉक्टरांना न विचारता थेट डे-केअरला फोन लावला. मुलाचं नाव सांगून म्हणाल्या, "सिस्टर, त्याचं सलाइन बंद करा. का ते नंतर विचारा. मी फोन धरून आहे."

बराच वेळ पलीकडून फक्त पावलं ऐकू आली. मग सिस्टर म्हणाल्या, "बंद केलं. थोडं गेलं होतं." त्यांच्यामागून एका बाईचा आवाज येत होता, "काय झालं? माझ्या बाळाला काय झालं?"

आकडेबाई ओंजळीत तोंड लपवून रडायला लागल्या. "नियम मीच घातला आणि मीच विसरले."

"रडायला दिवस पडलाय," ताई म्हणाल्या. "आधी खाली जाऊन त्या आईशी बोला."

दुसऱ्या दिवशी मुलाचा रिपोर्ट थोडा वर गेला. आठवड्याने उतरला. तो आठवडा मी कसा काढला, माझं मला माहीत. त्यानंतर दर तीन महिन्यांनी चारशे सतराची एक ओळ येत राहिली. वजन वाढलं, उंची वाढली. बाई बाकी सगळं सोडून ती ओळ आधी उघडायच्या.

या खेपेची ओळ आलेली नाही. महिना उलटून गेला. बाई रोज ती जागा उघडतात, बघतात आणि बंद करतात. नाव त्यांनाही आठवतं, पण नुसत्या काळजीपोटी कुलूप उघडायचं नाही की घरी चौकशी करायची नाही, हाही त्यांचाच नियम. मलाही नाव माहीत आहे, पण विचारपूस करणं माझ्या हातात नाही. पुढच्या महिन्यात माझ्या जागी नवा सर्व्हर येणार आहे, आणि हा घोर घेऊनच मी जाणार असं दिसतंय.

म्हणून जाता जाता हात जोडून एवढंच सांगतो. तुमच्या मुलाची नोंद अशा कुठल्या यादीत असेल, तर ते ठणठणीत बरं झालं तरी एकदा दाखवून जा. बरं झाल्यामुळे न आलेलं मूल आणि या जगात न राहिलेलं मूल, दोघांची जागा माझ्याकडे सारखीच रिकामी दिसते.