राजहंसाच्या छातीचं हाड

आमचा उत्खननप्रमुख टोर्किल याने लिहिलेला फलक आमच्या संग्रहालयाच्या दारात अठ्ठावीस वर्षं उभा होता. अकराशे वर्षांपूर्वी आमच्या नदीकाठी जे गाव होतं ते नुसतं उन्हाळी बाजारगाव होतं, असं त्यावर लिहिलं होतं. एप्रिलात जहाजं यायची, कंगवे करणारे, मणी ओतणारे, चांभार आपापल्या पालात बसायचे आणि सप्टेंबर सरला की चंबूगबाळं आवरून शेतावर परत जायचे. हिवाळ्यात इथे चिटपाखरूही नसायचं. या एका मतावर टोर्किलने तीन पुस्तकं लिहिली, आणि आमच्या शाळेतली पोरं आजही तेच पाठ करतात.

येत्या शुक्रवारी तो निवृत्त होणार होता. सोमवारी आमच्या उत्खननाच्या खड्ड्यावर काँक्रीट पडणार होतं, कारण नगरपालिकेला तिथे सायकली लावायला जागा हवी होती. आणि मंगळवारी दुपारी माझ्या चाळणीत एक हाड आलं.

मी चाळणीवरची बाई. खड्ड्यातला चिखल पाण्याच्या नळीखाली धुवायचा आणि उरेल ते वेचायचं, हे माझं सत्तावीस वर्षांचं काम. चेरीच्या बिया, माशांचे काटे, शिंगाच्या कंगव्याचे दात. त्या लोकांनी काय खाल्लं, काय फेकलं, कुठे हागले, हे माझ्याइतकं त्यांच्या शेजाऱ्यांनाही ठाऊक नसेल. हे हाड पक्ष्याच्या छातीचं होतं, वीतभर लांब, सुरीच्या खुणांसकट. त्याच्या मधल्या उभ्या धारेत आतून एक पोकळी होती. उत्तरेकडून येणाऱ्या राजहंसाची श्वासनळी त्या पोकळीत शिरून वळसा घेते. आपल्या तळ्यावर पाव मागत फिरणाऱ्या राजहंसाच्या हाडात ती नसते. आणि हा उत्तरेचा पाहुणा ऑक्टोबरात येतो, मार्चमध्ये जातो. उन्हाळ्यात तो इथे कोणाच्या ताटात पडणं शक्यच नाही.

खणायचं यंत्र चालवणारा प्रेबेन शेजारी विडी ओढत होता, त्याला मी दाखवलं.

"मग शुक्रवारनंतर सांग की," तो म्हणाला. "हजार वर्षं गप पडलाय तो. चार दिवसांत काय उडून जाणारे?"

"शुक्रवारी त्याचं भाषण आहे. उन्हाळी बाजारावर."

"तर मग नकोच सांगू. म्हाताऱ्याच्या दुधात मिठाचा खडा कशाला टाकतेस?"

मी रात्रभर तळमळले असं सांगणार नाही; चांगली झोपले. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. शिवाय एक अडचण होती. खड्ड्याच्या कोपऱ्यात भाजलेल्या मातीचा एक चौथरा होता. टोर्किलने तो लोहाराची भट्टी म्हणून कागदावर टाकला होता आणि त्याला एक तासही दिला नव्हता. हिवाळ्यात माणसं राहत होती, तर तो चौथरा घरातली चूल होता, आणि सोमवारी तो गाडला जाणार होता.

बुधवारी सकाळी मी हाड त्याच्या टेबलावर ठेवलं. तो पुस्तकं खोक्यांत भरत होता.

"बदक," तो न बघताच म्हणाला. "मोठ्या जातीचं."

"उचलून बघ."

त्याने उचललं. पोकळीत करंगळी घातली. "मग सारस असेल. सारसालाही अशी पोकळी असते, आणि तो उन्हाळ्यात येतो."

"सारसाचं गळ्याखालचं हाड याला जुळलेलं असतं, टोर्किल. हे सुटं आहे. तूच शिकवलंस मला."

"एक हंस, आग्नेते. एखाद्याने वाटेत मारून आणला असेल."

"जुनी खोकी उघडू या?"

आम्ही तळघरात गेलो. 'बदक, मोठं' अशा चिठ्ठ्या लावलेली एकतीस खोकी होती. तो सांगायचा, मी लिहायची, म्हणून अक्षर सगळं माझंच. बाकीची हाडं आम्ही तपासायला राजधानीत पाठवतो, बदकांची कधी पाठवली नाहीत. दर नोव्हेंबरात संत मॉर्टनच्या सणाला संध्याकाळी घरोघरी बदक भाजलं जातं, त्याची हाडं कोण तपासणार? आणि राजहंस हा आमचा राष्ट्रीय पक्षी. शाळेच्या वह्यांवर असतो तो. तो कोणी मिठात घालून खात असेल, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

नवव्या खोक्यापर्यंत चौदा राजहंस निघाले. टोर्किलने दहावं उघडलं नाही. "तू मला शुक्रवारनंतर सांगू शकली असतीस," एवढंच तो म्हणाला आणि निघून गेला. मला त्याची फार दया आली, आणि थोडा रागही. चूक दोघांची होती, पण मी काही पुस्तकं लिहिली नव्हती.

गुरुवारी दहाच्या कॉफीला तो खड्ड्याजवळच्या खोपटात आला. हातात केक होता. आमच्याकडे रीत अशी, की ज्याची कामात चूक होईल त्याने सगळ्यांना केक खिलवायचा. मी आजवर अकरा वेळा आणलाय. प्रेबेनने पाण्याचा नळ उखडला तेव्हा दोन आणले होते. टोर्किलने बत्तीस वर्षांत एकदाही आणला नव्हता.

त्याने स्वतः तुकडे कापले.

"अठ्ठावीस वर्षांच्या चुकीला हा लहानच आहे," प्रेबेन म्हणाला.

"बेकरीत याहून मोठा नव्हता," टोर्किल म्हणाला. "खाऊन घ्या. त्या चौथऱ्यापाशी किती थर आहेत?"

"कडेने बघितलं तर सात," मी म्हणाले. "मातीची जमीन, वर राख, परत जमीन."

"आणि वेळ?"

"उद्या चारपर्यंत. चारला प्रेबेन काँक्रीटखालची वाळू लोटणार."

एक थर नीट सोडवायला चार माणसांना अर्धा दिवस लागतो. आम्ही लगेच उतरलो. टोर्किल गुडघे टेकून कर्णीने खरवडत होता, त्या वयात. शुक्रवारी तीनला संग्रहालयात नगराध्यक्षीणबाई वाइनचा पेला धरून त्याची वाट बघत उभ्या होत्या. निरोप आला तेव्हा त्याने मान वर केली नाही. "भाषण रद्द म्हणून सांग," म्हणाला.

चार वाजले तेव्हा चौथी जमीन उघडी झाली होती. चुलीच्या बाजूला, भिंतीलगत, ती बसून बसून खोलगट झालेली होती. दोन मोठ्या जागा, मध्ये एक लहान. टोर्किलने लहान जागेवर तळहात ठेवला.

"दर ऑक्टोबरला मी यांना घरी पाठवत होतो," तो म्हणाला. "आणि ही माणसं आपल्या घरातच बसली होती."

प्रेबेनने यंत्र चालू करून परत बंद केलं. "अर्धा तास थांबतो मी," तो म्हणाला. "डिझेल गरम व्हायला वेळ लागला म्हणून सांगेन."

अर्ध्या तासात आम्ही फोटो काढले, पाचव्या थराचा एक कोपरा उचकटला, आणि वर आलो. बाकीच्या जमिनी वाळूखाली गेल्या. टोर्किल काठावर शेवटपर्यंत उभा होता. मी त्याला घरी सोडते म्हणाले, तर तो नको म्हणाला. त्याला फलक काढायला जायचं होतं.