परक्या हाताची पट्टी

रॅकेटच्या मुठीच्या तळाचा खिळा पक्कडीनं उपटला आणि माझा हात थांबला. खिळा माझा नव्हता.

मी पितळेचा बारीक खिळा मारतो, मधोमध, डोकं आत बुडेल असा. हा चपलेला मारतात तसला लोखंडी, वाकडा ठोकलेला. पट्टी दोन वेढे उलगडली आणि माझं डोकंच फिरलं. पट्टी उलट्या बाजूनं गुंडाळलेली होती.

टेनिसच्या रॅकेटची मूठ बांधताना चामड्याची पट्टी तळापासून वर चढवत नेतात. उजव्या हातानं खेळणाऱ्याची एका बाजूनं फिरते, डावखुऱ्याची दुसऱ्या बाजूनं. चुकीची फिरवली तर कडा तळव्याखाली उचलतात आणि आठ दिवसांत हाताला फोड येतात. हे मला वयाच्या तेराव्या वर्षी कळलं होतं, तेव्हा मी याच क्लबात चेंडू उचलत होतो. आता चोपन्नावं चालू आहे; मेंबरांबरोबर सरावाला खेळतो आणि त्यांच्या मुठी बांधतो. ही रॅकेट सौंदरराजन सरांची. सर उजव्या हातानं खेळतात. तीस वर्षं त्यांची मूठ माझ्याशिवाय कुणी बांधलेली नाही, असं मी कालपर्यंत छातीवर हात ठेवून सांगितलं असतं.

म्हणजे सर दुसऱ्याकडे गेले. आणि गेले तेही अशा गाढवाकडे, ज्याला उजवं-डावं कळत नाही!

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. उगाच नाही झालो. मेंबर लोक गोड बोलतात आणि मागून सेक्रेटरीकडे तक्रार करतात, व्यापारी वरची पट्टी एक दाखवतात आणि गठ्ठ्यात दुसरी घालतात. पण सौंदरराजन सर या हिशेबात कधी नव्हते. बंदरावर मोठे इंजिनिअर होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. कपाळावर नाम, बोलणं मोजकं. परदेशातून आलेल्या मऊ रबरी पट्ट्यांवर सगळा क्लब भाळला तरी सर चामड्यावरच राहिले. ते चामडं कुठल्या जनावराचं, हे त्यांनी तीस वर्षांत विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. चामड्याची पट्टी मागणारा क्लबात आता तो एकच माणूस उरला होता. ते गेले तर माझ्या हातातल्या कामाला कुणी विचारणार नव्हतं, आणि हे मला फार लागत होतं.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. जानेवारीतल्या पोंगलपासून सर कोर्टावर आलेले नाहीत. खांदा दुखतो म्हणाले. तीन महिने खेळणं बंद, तर मग ही पट्टी घामानं काळी पडून गुळगुळीत कशी झाली? आणि काल रॅकेट आणून दिली ती डाव्या हातानं. मला. सोवळंओवळं पाळणारा माणूस, आजवर साधा चेंडू दिला तरी उजव्या हातानं. काल डावा हात पुढे करून म्हणाले, "कदिरेसा, नवी चढव, आहे तशीच. चांगलं कातडं बघ." उजवा हात खिशात. नजर माझ्याकडे नाही.

कुठेतरी पाणी मुरत होतं.

घरी जेवताना बायकोला सांगितलं. तिलगमनं रस्सम वाढता वाढता सगळं ऐकून घेतलं.

"अहो, दुसऱ्या क्लबात जात असतील. त्यांचे पाय, त्यांची रॅकेट."

"तीस वर्षं!"

"मग? लग्न लागलंय का तुमचं त्यांच्याशी? तुम्हाला इडलीच्या पिठातसुद्धा कट दिसतो. परवा पीठ फुगलं नाही तर शेजारणीवर आळ घेतलात."

"ती सारखी डोकावते."

"मीठ घ्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी क्लबासमोरच्या राजरत्नमच्या दुकानात गेलो. त्यानं नवं यंत्र आणलंय, रॅकेटच्या तारा ताणायचं. काचेच्या कपाटात रंगीबेरंगी पट्ट्या. मी सरळ विचारलं, "सौंदरराजन सर आले होते का?"

"ते म्हातारे? छे. का हो कदिरेसन, गिऱ्हाईक हरवलं की काय?" तो दात काढून हसला. "इकडे या कामाला. बसायला खुर्ची देतो, वर पंखा."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो नाही म्हणाला म्हणजे नक्की सर तिथेच गेले असणार, असं मी ठरवून टाकलं. जुनी पट्टी खिशात घातली आणि पेरियमेटची बस धरली.

पेरियमेटात शिरलं की कातड्याचा वास आधी येतो, दुकानं मागून दिसतात. काजा मोहिदीन भाईंकडे मी पंचवीस वर्षं जातो, आणि पंचवीस वर्षं त्यांच्यावर संशय घेतो. त्यांना त्याची सवय आहे. मला बघताच त्यांनी गठ्ठा पुढे सरकवला आणि चहा सांगितला.

"घे. हुंग, चाट, चाव. मग शिव्या दे."

मी तेच करतो. पट्टी आधी नाकाशी धरायची. तरवडाच्या सालीत कमावलेलं कातडं गोडसर वास देतं, केमिकलमधलं नाक चुरचुरवतं. मग कोपरा जिभेला लावायचा, ओल किती पटकन शोषते ते बघायचं. नखानं दाबायचं. कडा दोन बोटांत धरून फिरवायच्या, सगळीकडे सारख्या तासल्यात का ते कळतं. शेवटी दोन्ही टोकं धरून ताणायचं. पाठीचं कातडं ताणलं तरी परत जागेवर येतं. पोटाचं येत नाही, ते दीड महिन्यात सैल पडतं आणि मुठीवर फिरायला लागतं.

त्या दिवशी मी पाठीची पट्टी बाजूला ठेवली आणि पोटाची उचलली. दिसायला सुंदर होती, तांबूस, तुळतुळीत. जो माणूस गाढवाकडून मूठ बांधून घेतो त्याला हीच बरी, असं माझ्या मनात होतं. लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा वाटली नाही.

भाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "तब्येत बरी आहे ना?"

"का?"

"ही तू घेतोस? ही तर मी तुला दाखवतसुद्धा नाही. गठ्ठ्यात चुकून आली."

"चुकून," मी म्हटलं.

"बरं, मुद्दाम आली. कुणासाठी हवीय?"

मी खिशातली जुनी पट्टी त्यांच्यापुढे टाकली. "हे बघा. उलटी बांधलीय. असल्या माणसाला कशाला हवी पाठीची?"

भाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. पट्टी एका लाकडी दांड्यावर जशी होती तशी गुंडाळली आणि उजेडाकडे नेली. बोटांनी एकेक वेढा चाचपला. चहा आला.

"बांधणारा शिकाऊ आहे," ते म्हणाले. "कुठे सैल, कुठे चढाचढ. एका हातानं बांधल्यागत. पण उलटी कुठेय? डावखुऱ्याची आहे, बरोबर बांधलीय."

"सर उजवे आहेत."

"असतील. पण ही पट्टी डाव्या हातानं धरलेली आहे. बोटांचे डाग बघ कुठे कललेत. हा अंगठा, ही करंगळी. कदिरेसा, पन्नास वर्षं कातडं बघतोय मी. माणसं खोटं बोलतात, घाम नाही बोलत."

मी डाग पाहिले. पट्टी माझ्याकडे दोन दिवस होती, आणि मी एकदाही तिच्याकडे तसं पाहिलं नव्हतं. कुणाच्या हातानं बांधली एवढंच शोधत बसलो, कुणाच्या हातात होती ते पाहिलंच नाही.

पण संशय असा सहज सुटत नाही. परतीच्या बसमध्ये त्यानं दुसरी वाट धरली. म्हणजे सरांनी रॅकेट दुसऱ्या कुणाला वापरायला दिली. एखाद्या डावखुऱ्याला. आणि आता त्याची मूठ माझ्याकडून बांधून घेतायत, गुपचूप. पोटाची पट्टी माझ्या पिशवीत होतीच.

सकाळी साडेसहाला मी मैलापूरला त्यांच्या दारात उभा राहिलो. मामी, म्हणजे सरांच्या पत्नी, दारात पिठाची रांगोळी, कोलम, काढत होत्या. त्यांनी पिठाचा हात तसाच ठेवून वर पाहिलं.

"कदिरेसन? रॅकेट झाली?"

"सरांना एक विचारायचं होतं."

"मागच्या शाळेत आहेत." त्या थोडं थांबल्या. "तुला त्यांनी बोलावलं नाही ना?"

"नाही."

"मग आवाज न करता जा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा ठिपके घालायला लागल्या.

शाळा सुट्टीची बंद होती. आवारातून चेंडूचा आवाज येत होता. ठप्प, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा ठप्प. फाटक उघडंच होतं. सर पांढऱ्या पँटमध्ये, अनवाणी, मागच्या भिंतीसमोर उभे होते. डाव्या हातात नातवाची छोटी रॅकेट. चेंडू भिंतीवरून परत आला, त्यांनी डाव्या हातानं फटका मारला, चेंडू नारळाच्या झाडाकडे गेला. ते त्याच्यामागे गेले, वाकले. उजव्या हातानं तो उचलायचा प्रयत्न केला.

तो हात थरथरत होता. बोटं चेंडूला लागत होती आणि चेंडू पुढे सरकत होता. तीनदा तसं झालं. मग त्यांनी रॅकेट काखेत धरली आणि डाव्या हातानं चेंडू उचलला.

मी परत फिरणार होतो. खरंच फिरणार होतो, पण त्यांनी मला पाहिलं.

उजवा हात लगेच खिशात गेला. "कोण? कदिरेसा? इथे काय करतोयस तू?"

"पट्टीचं विचारायला आलो, सर."

"पट्टीचं काय विचारायचंय? इथवर?" त्यांचा आवाज चढला. "कुणी पाठवलं तुला? क्लबातल्या कुणी?"

तीस वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याकडे तसे बघत होते, जसा मी सगळ्या जगाकडे बघतो. मला फार वाईट वाटलं.

"कुणी नाही. मला वाटलं, तुम्ही दुसऱ्याकडून मूठ बांधून घेतलीत."

ते पायरीवर बसले. हसू आलं असावं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही.

"मी बांधली. घरी, दाराला टेकवून. खिळा मामीनं धरला, मी ठोकला. तिच्या अंगठ्यावर दोनदा बसला हातोडा." खिशातला हात त्यांनी बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. तो तिथेही हलत होता. "दिवाळीनंतर सुरू झालं. डॉक्टर म्हणतात, वाढत जाणार. कॉफी सांडते, सही येत नाही. म्हटलं, डावा तर शाबूत आहे. रविवारच्या डबल्सच्या चौघांत मला परत जायचंय, कदिरेसा. त्यांना कळलं तर ते मला खुर्ची देतील. सावलीत बसा म्हणतील, सरबत आणून देतील. मला खुर्ची नकोय."

"मला तरी सांगायचं होतंत."

"तुला?" ते म्हणाले. "तू रोज माझ्याशी खेळायचास. तुला सांगितलं असतं तर तू सोपे चेंडू टाकायला लागला असतास."

ते खरं होतं.

त्याच दुपारी मी पुन्हा पेरियमेटला गेलो. पोटाची पट्टी भाईंच्या पुढ्यात ठेवली आणि गठ्ठा ओढला. एकतीस पट्ट्या तपासल्या. पाठीचीच हवी, पण नेहमीपेक्षा थोडी पातळ, कारण डाव्या हाताच्या बोटांना अजून जोर आला नव्हता. आणि जरा खरखरीत, म्हणजे सैल पकडीतही घसरणार नाही. भाईंनी एकदाही टोमणा मारला नाही. शेवटी निवडली तेव्हा तेवढंच म्हणाले, "ही तुझ्यासाठी लपवून ठेवली होती." यावर मी विश्वास ठेवला नाही, पण पट्टी चांगली होती.

त्यानंतर चार महिने मी रोज सकाळी शाळेच्या आवारात गेलो. सोपे चेंडू टाकले नाहीत. ते चिडायचे, मीही चिडायचो. क्लबात रविवारच्या चौघांतले कर्नल विचारायचे, "सौंदरराजन कुठे गायब आहेत रे?" आणि मी, जो दुसऱ्याची एक थाप खपवून घेत नाही, शांतपणे सांगायचो, "खांदा आहे सर. डॉक्टरांनी डाव्या हातानं खेळायला सांगितलंय." कर्नलनी ते निमूट मानलं. थाप मारणं इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं.

ऑगस्टातल्या एका रविवारी सर कोर्टावर उतरले. पहिली सर्व्हिस जाळीत, दुसरी जाळीत. कर्नल ओरडले, "काय हो, डाव्या हातानं आमची टर उडवताय का?" सर म्हणाले, "तुमच्यासाठी उजवा कशाला खर्चायचा?" सगळे हसले. सहा-एक, सहा-दोन असे ते आणि त्यांचा जोडीदार हरले. पण नंतर चौघे एकत्र कॉफी प्यायले, आणि पुढच्या रविवारच्या फळ्यावर त्यांचं नाव होतं.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी सर क्लबातल्या माझ्या कामाच्या खोलीत आले. कपाटात ठेवलेली दुसरी रॅकेट आणली होती, सामन्यात तार तुटली तर लागते ती. मूठ मीच बांधलेली, जवळजवळ कोरी.

"यात काय बिघडलंय सर?"

"काही नाही. हीसुद्धा फिरव."

मी त्यांच्याकडे पाहिलं. आजवर त्यांनी ही उजव्या हाताचीच ठेवली होती. का, ते मी विचारलं नाही. ते खिडकीतून कोर्टाकडे बघत होते.

खिळा काढला. पट्टी सावकाश सोडवली. पाठीचं कातडं, माझ्या हातचे वेढे, एकही सैल नाही. वरच्या बाजूला उजव्या अंगठ्याचा फिकट डाग होता, तेवढाच.

"हिचं काय करू सर? ठेवू का?"

"कशाला? कुणा उजव्या हाताच्या माणसाला दे. कातडं चांगलं आहे."

"देतो," मी म्हटलं.

क्लबात चामड्याची पट्टी मागणारा उजवा हात दुसरा नव्हता. हे मला माहीत होतं, आणि सरांनाही. मी पट्टी गुंडाळून बाजूला ठेवली आणि त्यांना बसायला स्टूल दिलं. ते उभेच राहिले.