शंभरच्या रेघेपुढे

मित्रांनो, माझ्याकडे बोट दाखवून मुलं अजून कुजबुजतात, "हीच ती." मी एक जुनी काचेची पिचकारी आहे, पाणी उडवायची नव्हे, शाळेच्या प्रयोगशाळेत वायू मोजायची. चंबूतला वायू रबरी नळीतून माझ्यात शिरला की माझा दट्ट्या मागे सरकतो आणि अंगावरच्या रेघा सांगतात, किती मिलीलिटर. शंभरापुढे माझ्यात जागा नाही.

ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने दट्ट्या हाताने घासून घासून इतका नेमका बसवला की फुंकरीनेही हलावा. रसायनशास्त्राच्या बाईंचा माझ्यावर फार जीव. "आधी कागदावर गणित, मग पिचकारीत वायू. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत," असं त्या म्हणायच्या, आणि ते जुळायचेही. एकदा दट्ट्या सुटून फरशीवर पडला आणि त्याच्या मुठीचा टवका उडाला. तेव्हापासून बाई तो दोरीने बांधू लागल्या, शंभरच्या पुढे जाऊच नये म्हणून. मला ती दोरी कधीच आवडली नाही.

त्या दिवशी फळ्यावर आदल्या दिवशीचं समीकरण तसंच होतं. खायचा सोडा तापवला, तर सोड्याच्या दोन रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचा एक. आज मात्र सोडा तापवायचा नव्हता, आम्लात टाकायचा होता. तिथे एका रेणूमागेच एक. म्हणजे तेवढ्याच सोड्यातून दुप्पट वायू. बाईंनी घाईघाईत जुन्याच समीकरणावरून हिशेब मांडला.

"ऐंशी मिलीलिटर येईल. वीसची जागा उरतेच."

येणार होता एकशे साठ.

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. ती सारखी प्रश्न विचारायची, म्हणून वर्गाने तिचं नाव शंकासूर ठेवलं होतं.

"आल्या शंकासूर," मागून कोणीतरी म्हणालं. वर्ग खिदळला. बाईही हसल्या. "आधी प्रयोग होऊ दे गं, मग तुझ्या शंका."

हात खाली गेला.

बाईंनी सोडा चंबूतल्या आम्लात टाकला आणि बूच दाबून बसवलं. माझा दट्ट्या सुसाट निघाला. पन्नास, ऐंशी, शंभर. दोरी ताणली गेली. चंबूत फेस उसळतच होता. "थांबत का नाही हा?" म्हणत बाई खाली वाकल्या. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. वायूला दुसरी वाटच उरली नव्हती; बूच उडालं आणि आम्लाचा फेस थेट त्यांच्या डोळ्यांत गेला.

बाई परत आल्या तेव्हा परीक्षा तोंडावर आली होती. उजव्या डोळ्याने त्यांना आता दिसत नाही. तास संपल्यावर त्यांनी त्या मुलीला थांबवून घेतलं.

"तुला चूक कळली होती ना?"

"हो, बाई."

"मग बोलली का नाहीस?"

"सगळे हसले." जरा थांबून ती म्हणाली, "तुम्हीही हसलात."



मित्रांनो, आता मी वर्गातल्या काचेच्या कपाटातच असते. काच जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. काच नवी मिळते. कोणी हात वर केला, तर हसण्याआधी त्याचं ऐकून घ्या. ती मुलगी अजून पहिल्या बाकावर बसते. तिने पुन्हा हात वर केलेला मी पाहिलेला नाही.